आकडीची गोळी आणि पोटातलं बाळ : घाबरून औषध सोडू नका, पण विचारायला उशीरही करू नका

लग्नाला पाच-सहा महिने झालेले असतात. पाळी चुकते. मेडिकलमधून आणलेल्या किटवर दोन रेघा उमटतात. घरात मुबारकबाद सुरू होते, मिठाई येते. आणि त्याच रात्री ती मुलगी कपाटात कपड्यांच्या खाली लपवलेली गोळ्यांची स्ट्रिप हातात घेऊन बसते. शाळेत असल्यापासून तिला आकडी येते. गोळी सुरू आहे म्हणून गेल्या दोन वर्षांत एकदाही फिट आलेली नाही. सासरी हे कुणाला माहीत नाही, फार तर नवऱ्याला ठाऊक आहे. कुणीतरी कधीतरी सांगितलेलं तिच्या डोक्यात बसलंय, "या गोळ्या खाल्ल्या की बाळ व्यंग घेऊन जन्माला येतं." ती स्ट्रिप परत ठेवून देते. दुसऱ्या दिवसापासून गोळी बंद.

हे चित्र कुणा एकीचं नाही. मेंदूविकारतज्ज्ञांच्या ओपीडीत अशा मुली येतात, आणि बऱ्याचदा गोळी बंद केल्यावर मोठी फिट आली म्हणूनच येतात. आईच्या मनातली भीती अगदीच खोटी नाही. आकडीवरच्या काही औषधांनी पोटातल्या बाळाला खरोखर इजा होते. पण सगळ्या औषधांनी होत नाही, आणि गोळी एकदम सोडण्याचा धोका बहुतेक वेळा त्याहून मोठा असतो.

या लेखातल्या तीन गोष्टी आधीच सांगून टाकतो. एक, दिवस गेल्याचं कळलं म्हणून आकडीची गोळी स्वतःच्या मनाने कधीही बंद करायची नाही. दोन, व्हॅल्प्रोएट नावाचं औषध सुरू असेल तर मूल होऊ देण्याचा विचार करण्याआधीच डॉक्टरांना भेटायचं. तीन, औषध बदलायची खरी वेळ दिवस राहण्याच्या आधीची असते, नंतरची नव्हे.

आकडी म्हणजे काय

आकडी, फिट, मिरगी, फेफरं, अपस्मार. नावं अनेक असली तरी आजार एकच. मेंदूच्या पेशी एकमेकींशी विजेच्या सूक्ष्म लहरींनी बोलत असतात. या लहरी अचानक बेताल झाल्या की फिट येते. कुणाचं अंग ताठ होऊन झटके येतात, कुणी काही सेकंद नुसतं शून्यात बघत राहतं. जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे आणि भारतात एक कोटीहून अधिक लोकांना असल्याचा अंदाज आहे. तो स्पर्शाने पसरत नाही. तो साया नाही, आसेब नाही. दुआ जरूर करा, पण गोळी थांबवून ताबीज बांधलं तर मेंदूतली ती लहर थांबत नाही.

योग्य औषधाने दहापैकी जवळपास सात जणांच्या फिट थांबू शकतात. म्हणजे यातल्या बहुसंख्य मुली शिकतात, नोकरी करतात, लग्न करतात आणि आईही होतात. आकडी असलेल्या स्त्रियांच्या शंभर बाळांपैकी नव्वदहून अधिक बाळं धडधाकट जन्मतात. पुढचे आकडे वाचताना ही गोष्ट लक्षात असू द्या.

गोळी गोळीत फरक

कुठलंही औषध न घेणाऱ्या, पूर्ण निरोगी आईच्या बाळातही जन्मजात मोठं व्यंग निघण्याची शक्यता शंभरात दोन ते तीन असते. हा झाला पाया. आकडीची औषधं यात किती भर घालतात, हे पाहण्यासाठी अनेक देशांत नोंदवह्या ठेवल्या जातात. गर्भवती कुठली गोळी, किती मात्रेत घेते आणि बाळ कसं जन्मतं, याची वर्षानुवर्षं नोंद होते. 'युराप' ही अशीच ४२ देशांची एकत्र नोंदवही आहे. भारतात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनल संस्थेत १९९८ पासून केरळची नोंदवही चालते.

युरापने २०१८ मध्ये ७,३५५ गर्भारपणांचा हिशेब प्रसिद्ध केला. एकच औषध सुरू असलेल्या आयांच्या बाळांत मोठ्या जन्मजात व्यंगाचं प्रमाण असं निघालं :

- लेव्हेटिरासिटाम : शंभरात २.८
- लॅमोट्रिजिन : २.९
- ऑक्सकार्बाझेपिन : ३
- टोपिरामेट : ३.९
- कार्बामाझेपिन : ५.५
- फेनिटॉइन : ६.४
- फेनोबार्बिटोन : ६.५
- व्हॅल्प्रोएट : १०.३

वरची दोन नावं पाहा. लेव्हेटिरासिटाम आणि लॅमोट्रिजिन घेणाऱ्या आयांच्या बाळांतलं प्रमाण निरोगी आईच्या बाळाइतकंच, शंभरात तीनच्या आत आहे. म्हणून मूल हवं असलेल्या स्त्रियांसाठी डॉक्टर आज बहुतेक वेळा या दोन औषधांचा आधी विचार करतात. खालचं शेवटचं नाव व्हॅल्प्रोएट. तिथे दहात एक.

मात्रेचाही मोठा वाटा असतो. याच अभ्यासात दिवसाला ६५० मिलिग्रॅमपर्यंत व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांत व्यंगाचं प्रमाण शंभरात सहाच्या आसपास होतं. १,४५० मिलिग्रॅमच्या वर ते थेट पंचविसावर गेलं. दोन-तीन औषधं एकत्र चालू असतील आणि त्यात व्हॅल्प्रोएट असेल, तर धोका आणखी वाढतो.

टोपिरामेटचा आकडा मधला दिसतो, पण त्याने फाटलेले ओठ आणि कमी वजन हे प्रश्न जास्त दिसतात. या औषधाचा मुलांच्या बौद्धिक वाढीवरही परिणाम होऊ शकतो, असं २०२२ मध्ये उत्तर युरोपातल्या मोठ्या अभ्यासातून पुढे आलं. त्यानंतर २०२३ मध्ये युरोपच्या औषध नियामकाने गर्भारपणात त्याच्या वापरावर कडक अटी घातल्या. आपल्याकडे खूप लिहून दिली जाणारी क्लोबाझाम ही गोळी बहुधा दुसऱ्या औषधाच्या जोडीला असते. एकट्या क्लोबाझामची गर्भारपणातली माहिती अजून अपुरी आहे, म्हणून तिच्याबद्दल डॉक्टरांना वेगळं विचारा.

व्हॅल्प्रोएट : पन्नास वर्षांचा धडा

हे औषध वाईट आहे असं म्हणता येणार नाही. काही प्रकारच्या आकडीत त्याच्याइतकं चांगलं काम दुसरं औषध करत नाही, आणि ते स्वस्तही आहे. म्हणूनच ते घरोघरी पोहोचलं. फ्रान्समध्ये ते १९६७ मध्ये बाजारात आलं. १९८२ मध्ये तिथल्याच लियाँ शहराच्या परिसरातल्या नोंदींवरून डॉक्टरांच्या लक्षात आलं की, हे औषध घेणाऱ्या आयांच्या बाळांत पाठीचा कणा नीट न जुळण्याचं व्यंग नेहमीपेक्षा खूप जास्त दिसतंय. या व्यंगात मणक्याची फट उघडी राहते आणि मुलाच्या पायांतली ताकद, लघवीवरचा ताबा जाऊ शकतो. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या शंभर आयांत एक-दोन बाळांना ते होतं.

पण दुसरी इजा डोळ्यांना दिसत नव्हती. मूल वरून छान असायचं. उशिरा बोलायचं, शाळेत मागे पडायचं, माणसांत मिसळायचं नाही. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये अशा मुलांचा सहा वर्षांचे होईपर्यंत पाठपुरावा झाला आणि २०१३ मध्ये निष्कर्ष आले. आईने व्हॅल्प्रोएट घेतलेल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक ९७ निघाला. लॅमोट्रिजिन घेतलेल्या आयांच्या मुलांचा १०८ होता. गर्भात व्हॅल्प्रोएटचा संपर्क झालेल्या मुलांपैकी शंभरात तीस ते चाळीस मुलांना वाढीच्या, शिकण्याच्या किंवा वागण्याच्या अडचणी येऊ शकतात, असं आज मानलं जातं. स्वमग्नतेचं, म्हणजे ऑटिझमचं प्रमाणही त्यांच्यात जास्त आहे.

फ्रान्समधल्या मरीन मार्टिन या आईने आकडीसाठी हे औषध घेतलं होतं. तिच्या दोन्ही मुलांना त्रास झाला. तिने अशा पालकांची संघटना उभी केली, मंत्रालयापर्यंत प्रश्न नेला. सरकारी यंत्रणेने हिशेब मांडला तेव्हा १९६७ ते २०१६ या काळात एकट्या फ्रान्समध्ये २,१५० ते ४,१०० मुलं मोठं व्यंग घेऊन जन्मल्याचा अंदाज निघाला. त्या आयांची तक्रार एकच होती. डॉक्टरांना माहीत होतं, कागदावर लिहिलेलं होतं, मग आम्हाला का सांगितलं नाही?

२०१८ मध्ये युरोप आणि ब्रिटनने नियम केला की मूल होण्याच्या वयातल्या मुलीला किंवा स्त्रीला हे औषध सहजासहजी द्यायचं नाही. दुसरा पर्याय चालत नसेल तरच, आणि गर्भनिरोधाची पक्की सोय करून, दरवर्षी धोक्याची माहिती देऊन मगच द्यायचं. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना व्हॅल्प्रोएट देऊ नये, अशी स्पष्ट भूमिका घेतली.

आपल्याकडे अनेकींना वयाच्या बाराव्या-चौदाव्या वर्षी सुरू केलेली गोळी लग्नानंतरही तशीच चालू असते. जुना केसपेपर दाखवायचा, तेच औषध आणायचं. मधल्या काळात मुलगी मोठी झाली, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. त्यामुळे आज घरी गेल्यावर स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरातलं नाव वाचा. सोडियम व्हॅल्प्रोएट, व्हॅल्प्रोइक ॲसिड, डायव्हॅलप्रोएक्स. तिन्ही एकाच औषधाची रूपं आहेत. मायग्रेनसाठी आणि काही मानसिक आजारांसाठीही ते दिलं जातं. त्यामुळे "मला कुठे आकडी येते?" म्हणून निश्चिंत राहू नका.

नाव सापडलं तरी लगेच गोळी फेकू नका. डॉक्टरांकडे जा.

पहिले २८ दिवस

दिवस गेल्यावर औषध बदलून का चालत नाही? बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. म्हणजे पाळी चुकून दोन आठवडे होतात, तोवर हे काम आटोपलेलंही असतं. किट आणून तपासेपर्यंत, मग सासूबाईंना सांगून, वेळ काढून दवाखान्यात जाईपर्यंत महिना-दोन महिने जातात. मणक्याच्या व्यंगापुरतं बोलायचं तर तोवर वेळ निघून गेलेली असते.

औषध बदलायलाही वेळ लागतो. लॅमोट्रिजिन अगदी थोड्या मात्रेत सुरू करून दर एक-दोन आठवड्यांनी वाढवावं लागतं. घाई केली तर अंगावर गंभीर पुरळ येऊ शकतं. व्हॅल्प्रोएट चालू असताना ते सुरू करायचं असेल तर आणखी सावकाश जावं लागतं. जुनं औषध हळूहळू उतरवायचं, नवं चढवायचं, आणि नव्या औषधावर फिट येत नाहीत ना, हे काही महिने बघायचं. म्हणून मूल हवं असेल तर निदान सहा महिने आधी, जमल्यास वर्षभर आधी डॉक्टरांना भेटा. गर्भारपणाआधी नऊ महिने एकही फिट आली नसेल, तर गर्भारपणातही ती न येण्याची शक्यता शंभरात ८४ ते ९२ इतकी चांगली असते.

तोपर्यंत गर्भनिरोधक वापरावं लागेल. इथेही एक खाचखळगा आहे. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन ही औषधं संततिनियमनाच्या तोंडाने घ्यायच्या गोळ्यांचा असर कमी करतात, त्यामुळे गोळी घेऊनही दिवस राहू शकतात. उलट इस्ट्रोजेन असलेल्या संततिनियमनाच्या गोळ्या लॅमोट्रिजिनचं रक्तातलं प्रमाण उतरवतात, आणि मग फिट येऊ शकते. तांबी मात्र आकडीच्या कुठल्याही औषधाबरोबर चालते.

आणि गोळी सोडली तर?

पूर्ण अंगाला झटके देणारी मोठी फिट आली की काही वेळ आईचा श्वास नीट चालत नाही. बाळाला मिळणारा प्राणवायू घटतो. आई जिन्यावर, न्हाणीघरात, गॅससमोर पडू शकते. पोटाला मार लागू शकतो. गोळी एकदम सोडल्यावर तर फिट थांबतच नाही, एकामागून एक येत राहते, असंही होतं. ही जिवावर बेतणारी अवस्था आहे.

आकडीच्या रुग्णाचा झोपेत किंवा एकांतात अचानक मृत्यू होऊ शकतो, हेही फारसं कुणी बोलत नाही. ब्रिटनमध्ये प्रत्येक मातामृत्यूची चौकशी होते. तिथे २०१६ ते २०१८ या तीन वर्षांत गर्भवती आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांमध्ये असे अचानक मृत्यू आधीच्या तीन वर्षांच्या मानाने जवळपास दुप्पट झाले. औषधोपचार नीट न होणं हे त्यामागचं एक महत्त्वाचं कारण ठरलं.

म्हणून व्हॅल्प्रोएट चालू असताना दिवस राहिले असतील, तरीही नियम तोच. गोळी चालू ठेवा आणि त्याच आठवड्यात मेंदूविकारतज्ज्ञांना भेटा. मात्रा कमी करायची, दिवसात विभागून द्यायची की औषधच बदलायचं, हे तुमच्या फिटचा प्रकार बघून तेच ठरवतील. चूक झाली म्हणून स्वतःला दोष देत घरी बसण्यात आणखी दिवस जातात.

नऊ महिने कसे काढायचे

गर्भारपणात शरीर काही औषधं नेहमीपेक्षा भराभर बाहेर टाकतं. लॅमोट्रिजिनचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहून खाली येऊ शकतं. लेव्हेटिरासिटामचंही उतरतं. गोळी रोज वेळेवर घेऊनही फिट आली, असं होतं ते यामुळे. अशा वेळी डॉक्टर मात्रा वाढवतात. "गरोदर आहे आणि वर गोळी वाढवली?" म्हणून घरचे घाबरतात. पण वाढवलेली गोळी फक्त उतरलेलं प्रमाण जागेवर आणते. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात गर्भवतींपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणींची मात्रा बदलावी लागली, आणि त्यांच्यात फिट वाढण्याचं प्रमाण गरोदर नसलेल्या रुग्ण स्त्रियांइतकंच राहिलं. सोय असेल तिथे रक्तातली पातळी तपासून घ्या. बाळंतपणानंतर काही दिवसांतच मात्रा पुन्हा कमी करावी लागते, नाहीतर चक्कर, झोप, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणं सुरू होतं. हे वेळापत्रक डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

फॉलिक ॲसिडची गोळी दिवस राहण्याच्या निदान दोन-तीन महिने आधी सुरू व्हायला हवी. आकडीचं औषध घेणाऱ्या स्त्रियांना आपल्याकडे बहुधा ५ मिलिग्रॅमची गोळी देतात. आरोग्य केंद्रात मिळणाऱ्या लोहाच्या लाल गोळीत फॉलिक ॲसिड फक्त अर्धा मिलिग्रॅम असतं. त्यामुळे "लोहाची गोळी चालू आहे" एवढ्यावर थांबू नका, मात्रा विचारून घ्या. फॉलिक ॲसिड घेतलं म्हणून व्हॅल्प्रोएटचा धोका जात नाही, हेही लक्षात ठेवा.

सकाळच्या उलट्यांचं काय? गोळी घेतल्या घेतल्या उलटी झाली तर पुन्हा घ्यायची का, हे पहिल्याच भेटीत विचारून ठेवा. उलट्या थांबत नसतील तर दवाखाना गाठा, कारण पोटात न टिकलेली गोळी म्हणजे चुकलेली गोळी. १८ ते २० आठवड्यांच्या दरम्यानची सविस्तर सोनोग्राफी चुकवू नका. ती करताना आकडीची कुठली गोळी चालू आहे, ते तपासणाऱ्या डॉक्टरांना सांगा, म्हणजे ते मणका, हृदय आणि ओठ बारकाईने पाहतील.

रमजानचे दिवस

रोजे आले की गोळ्यांच्या वेळा कोलमडतात. दिवसातून दोनदा घ्यायची गोळी इफ्तार आणि सेहरीला घेतली तर दोन गोळ्यांमधलं अंतर एका बाजूला आखूड, दुसऱ्या बाजूला लांब होतं. त्यात तरावीहचं जागरण आणि पहाटे सेहरीसाठी उठणं. अपुरी झोप हे फिट येण्याच्या नेहमीच्या कारणांपैकी एक आहे. आजारी माणसाला, बाळाला धोका असेल तर गर्भवतीला आणि अंगावर पाजणाऱ्या आईला रोज्यात सवलत आहे, हे आपल्या घरांत सगळ्यांना ठाऊक असतं. पण "सगळे ठेवतात, मीच कशी ठेवू नये?" हा संकोच मुलीला खातो. रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांशी बोला आणि मनात शंका असेल तर जाणत्या आलिमांनाही विचारा. घरातल्या मोठ्यांनी स्वतःहून "बेटा, तू यंदा राहू दे" म्हटलं, तर तिला हिंमत करून सांगावं लागणार नाही.

फिट आलीच तर

तिला डाव्या कुशीवर वळवा. डोक्याखाली मऊ काही ठेवा. आजूबाजूच्या टोकदार वस्तू सरकवा, गळ्याभोवतीची ओढणी सैल करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवणं, हातात लोखंडी किल्ली देणं याने काही होत नाही. फिट पाच मिनिटांत थांबली नाही, शुद्ध येण्याआधी दुसरी आली किंवा पोटाला मार लागला, तर १०८ ला फोन करून थेट दवाखान्यात न्या.

एक मोठा फरक घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा. पूर्वी कधीच आकडी नसलेल्या बाईला पाचव्या महिन्यानंतर पहिल्यांदा फिट आली, आधी डोकं दुखत होतं, डोळ्यांपुढे अंधारी येत होती, चेहरा-हात सुजले होते, तर तो रक्तदाबाचा झटका असू शकतो. डॉक्टर त्याला एक्लॅम्प्सिया म्हणतात. त्याचा उपचार वेगळा आहे, मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन. तिथे एक मिनिटही घरी थांबायचं नाही. आकडीची जुनी रुग्ण असली तरी गर्भारपणात आलेली फिट "नेहमीचीच आहे" म्हणून सोडू नका, रक्तदाब तपासून घ्या.

बाळंतपण आणि नंतर

आकडी आहे एवढ्याच कारणाने सिझेरियन करावं लागत नाही. बहुतेकींचं बाळंतपण नॉर्मल होऊ शकतं. मात्र ते दवाखान्यातच व्हावं. पिशवी भरताना आकडीच्या गोळ्या आणि कागदपत्रं आधी ठेवा. कळा सुरू असतानाही गोळीची वेळ चुकवू नका, तिथल्या सिस्टरना आठवण करून द्या. बाळाला जन्मल्यावर व्हिटॅमिन केचं इंजेक्शन मिळालं ना, हे बघा.

"गोळी चालू आहे, दूध पाजू नको," हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो. आकडीची बहुतेक औषधं घेत असताना आई बाळाला अंगावर पाजू शकते. फेनोबार्बिटोन किंवा क्लोबाझाम चालू असेल आणि बाळ फार सुस्त दिसत असेल, दूध ओढत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आईने आकडीचं औषध घेतलं किंवा आईला आकडी आहे, म्हणून बाळालाही ती होईलच असं नाही. बहुतेक मुलांना होत नाही.

बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे मात्र जपायचे, कारण रात्रीची झोप उडालेली असते. रात्रीचं एक दूध आधी काढून ठेवून नवऱ्याने, आईने किंवा नणंदेने पाजलं, तर तिला सलग चार-पाच तास झोप मिळते. बाळाला एकटीने अंघोळ घालू नका. आपल्याकडे पायांवर घेऊन अंघोळ घालणारी बाई येते किंवा नानी-दादी घालतात, ती रीत इथे कामाला येते. कपडे बदलणं, मालिश, सगळं जमिनीवर चटई टाकून करा, पलंगाच्या कडेला नको.

निकाहाआधी बोला

औषध लपवलं जातं, कारण आजार लपवलेला असतो. रिश्ता मोडेल या भीतीने मुलीकडचे गप्प राहतात. मग मुलगी सासरी गोळी लपून घेते, कधी चुकवते. मूल हवंय तर आधी औषध बदलू, असं ती कुणाला म्हणू शकत नाही. वर सांगितलेले सहा महिने हातातून जातात ते इथे.

एके काळी देशाच्या कायद्यातही हा डाग होता. हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा यांत आकडीचे वारंवार येणारे झटके हे विवाहाला बाधा आणणारं कारण म्हणून वेडासोबत लिहिलेलं होतं. १९९९ मध्ये संसदेने ते काढून टाकलं. मुस्लिम स्त्रीला घटस्फोट मागण्याचा हक्क देणाऱ्या १९३९ च्या कायद्यात घटस्फोटाची कारणं मोजून दिलेली आहेत, त्यात आकडीचं नाव कधी नव्हतंच. कायद्याने जे मान्य केलंय ते बिरादरीनेही करायला हवं. साखरपुड्याच्या आधी स्पष्ट सांगा : मुलीला आकडी आहे, औषध चालू आहे, इतक्या दिवसांत फिट आलेली नाही. हे ऐकून जे मागे सरतील, ते उद्या बाळंतपणात तिच्या उशाशी उभे राहिले असते का, याचाही विचार करा.

डॉक्टरांकडे जाताना

सोबत सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप, जुने केसपेपर, आणि शेवटची फिट कधी आली त्याची तारीख न्या. मोबाईलवर फिटचा व्हिडिओ असेल तर तोही दाखवा. आणि हे पाच प्रश्न विचारा :

१. माझ्या गोळीत व्हॅल्प्रोएट किंवा टोपिरामेट आहे का?
२. मला मूल हवं आहे, तर औषध किंवा मात्रा बदलावी लागेल का, आणि त्याला किती महिने लागतील?
३. तोपर्यंत कुठलं गर्भनिरोधक वापरू?
४. फॉलिक ॲसिड किती मिलिग्रॅमचं आणि केव्हापासून?
५. दिवस राहिल्याचं कळल्यावर पहिल्या आठवड्यात काय करू?

सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात बहुतेक ठिकाणी मेंदूविकारतज्ज्ञ किंवा औषधवैद्यक विभागाची ओपीडी असते. लेव्हेटिरासिटामसारख्या गोळ्या जनऔषधी केंद्रांत कमी दरात मिळतात. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मेंदूविकारतज्ज्ञ वेगवेगळ्या दवाखान्यांत असतील, तर एकाची चिठ्ठी दुसऱ्याला दाखवा. दोघांना एकमेकांचं माहीत नसलं की अडचण होते.

सुरुवातीच्या त्या मुलीकडे परत येऊ. स्ट्रिप हातात घेऊन ती एकटी बसली होती. तिच्या शेजारी त्या रात्री नवरा बसलेला असता, सासूबाईंना माहीत असतं, आणि लग्नाआधीच डॉक्टरांनी तिला योग्य औषधावर आणून ठेवलं असतं, तर तिने रोजच्यासारखी गोळी घेतली असती आणि झोपली असती. तुमच्या घरात, नात्यात, गल्लीत अशी मुलगी असेल, तर हा लेख तिला वाचायला द्या. तिच्या घरच्यांनाही द्या.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषध सुरू करणं, बदलणं किंवा बंद करणं हे फक्त आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करा.)